भात शिजेपर्यंत

आमच्या आजारानं माणूस मरत नाही, दमतो. सकाळी उठून अंथरुणावर पडलेला पांढरा कोंडा झाडायचा, कोपरांना, ढोपरांना, हातांना तेल चोळायचं, सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत ओढायच्या आणि कामाला लागायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पावसाळ्यात जरा बरं असतं, थंडी पडली की कातडी चिरते. बारा वर्षं हे चाललं आहे. कंटाळा आला असं म्हणायचाही आता कंटाळा येतो. अशा वेळी कधीकधी एक आवाज कानात येतो. "बस रं आचारी. पाण्याला घाई न्हाय."

तो आवाज धाकजीबाबांचा.

मी फार शिकलेला माणूस नाही. मराठी तिसरीतून शाळा सुटली आणि तापीकाठचं आमचं गाव सोडून मी मामाच्या ओळखीनं पनवेलला एका खानावळीत लागलो. भांडी घासता घासता चुलीपाशी पोचलो, आणि चोविसाव्या वर्षी तिथला आचारी झालो. त्याच वर्षी हातावर हा रोग उठला. आधी कोपरावर रुपयाएवढे दोन चट्टे, मग बोटांच्या पेरांवर, मग तळहाताच्या मागे सगळीकडे लालबुंद कातडी आणि तिच्यावर चंदेरी खवले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी 'सोरायसिस' असं काहीतरी नाव सांगितलं. म्हणाले, "दुसऱ्याला लागत नाही. आणि मुळापासून जातही नाही." मी खानावळीत हे दोन्ही सांगितलं. गिऱ्हाइकांनी फक्त दुसरं ऐकलं. एकदा एकानं मी वाढत असताना माझा हात पाहिला आणि ताट पुढे सरकवून तो उठून गेला. मालक वाईट नव्हता. "हात बरे कर आणि ये, जागा ठेवतो," म्हणाला. दोघांनाही ठाऊक होतं की जागा राहणार नाही.

आईला मी कळवलं नाही. तिकडे तिला वाटे, पोरगा पनवेलला चुलीपुढे उभा आहे.

खानावळीत येणाऱ्या, तळा गावाकडच्या एका माणसानं मला उन्हाळ्याचं सांगितलं होतं. आम्हा खानदेश्यांना तो शब्द ऐकून ऊनच आठवणार. पण कोकणात गरम पाण्याच्या झऱ्याला उन्हाळं म्हणतात. तळ्याच्या पलीकडे, डोंगर उतरून खाडीच्या अंगाला एक पंधरा-वीस उंबऱ्यांची वाडी होती, कुणब्यांची. तिथे असं एक उन्हाळं होतं. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. येष्टी तळ्यापर्यंत जायची, पुढे चालत. मी हात फडक्यात गुंडाळून, पोटाशी वळकटी धरून दुपारी तिथे पोचलो.

एकाखाली एक अशी तीन कुंडं होती. वरच्यात झरा होता. त्यात कोणी उतरायचं नाही, ते देवाचं, आणि पाणीही असं की बोट ठेवता येत नसे. तिथून पाणी मधल्या कुंडात यायचं. ते वाडीच्या माणसांचं आणि धडधाकट पाहुण्यांचं. मधल्यातून खालच्यात. खालचं कुंड आमचं, म्हणजे कातडीवाल्यांचं. सगळीकडे गंधकाचा वास, उकडलेली अंडी नासल्यासारखा.

खालच्या कुंडात एक ठेंगणा, वाकलेला म्हातारा कमरेपर्यंत पाण्यात उभा राहून काथ्यानं भिंतीवरचं शेवाळ घासत होता. अंगात बंडी, कमरेला दोरीनं बांधलेली नारळाची करवंटी. त्याचे हात मी आधी पाहिले. आजारी माणूस दुसऱ्याचे हातच पाहतो. बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली होती, धोब्याची असतात तशी. बाकी कातडी स्वच्छ.

"बाबा, कुंडं सांभाळणारा पाणक्या कुठे भेटेल?"

"ह्यो काय भिजतोय." धाकजीबाबांनी वर पाहिलं. "सोड फडकं."

मी सोडेना. ते बाहेर आले, स्वतःच फडकं सोडलं, पेंढ्याची एक काडी उचलली आणि चट्ट्यांवर एकेक करून टोचली.

"हितं लागतं?"

"लागतं."

"आन हितं?"

"लागतं."

"मंग रक्तपिती न्हाय. ती मी पायलीय, तिच्यात लागत न्हाय. ह्ये खवलं हाय. काय काम करतोस?"

मी म्हणालो, "आचारी होतो."

"होतो म्हंजे? मेलास काय?" ते एका दगडावर टेकले. टेकताना "दमलो रे बाबा" म्हणाले. हे ते दर वेळी म्हणायचे, चार पावलं चालून बसले तरी. "आचारी हायस ना, मंग तांदूळ बांद."

त्या उन्हाळ्याची एक पद्धत होती. घड्याळ तिथे कोणाकडे नव्हतं. आजारी माणसानं मूठभर भिजवलेले तांदूळ फडक्यात बांधायचे, ती पुरचुंडी दोरीनं वरच्या कुंडात सोडायची आणि आपण खालच्या कुंडात बसायचं. भात होईपर्यंत बसायचं, झाला की निघायचं. धाकजीबाबा वर पुरचुंडीपाशी बसून राहत. मधूनमधून ती बाहेर काढत, अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाबून पाहत, पुन्हा सोडत. तांदूळ त्यांचेच असत. नव्या माणसाला बारीक तांदूळ, तो लवकर होतो. आठवड्यानं जरा जाड. कातडी निबर झाली की राता, तांबडा, त्याला फार वेळ लागतो. कोणाला किती वेळ पाण्यात ठेवायचं हे ते अशा रीतीनं तांदळावर ठरवायचे. मी आचारी, पण वेळ मोजायला भात लावतात हे मला नवीन होतं.

"निघा," ते वरून म्हणाले. मी निघालो. त्यांनी मला कलत्या उन्हात बसायची जागा दाखवली, उंडीच्या बियांचं तेल दिलं. "आंग कोरडं हुयाच्या आत चोळ. पुसू नको, टिप." मी तेल चोळत असताना ते समोर येऊन बसले, पुरचुंडी सोडली आणि म्हणाले, "वाड."

"मी?"

"तू बांदलास, तूच वाड. कुंडाचा भात पाणक्यानं खायचा. रीत हाय तशी."

त्यांनी हात पुढे केला. चार महिन्यांत माझ्या हातचं कोणी खाल्लं नव्हतं. मी त्या खवल्यांच्या बोटांनी तो गंधकाचा वास मारणारा, पिवळट भात त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी तो सावकाश, डोंगराकडे बघत चावून खाल्ला. मग हात पुन्हा पुढे केला. "वाड."

मी मान फिरवून दुसरीकडे बघत राहिलो. आजारापेक्षा तेव्हा तेच सोसेना.

मी तिथे धर्मशाळेच्या पडवीत राहिलो. एक महिना म्हणून गेलो आणि वर्षावर राहिलो. बाबांचा दिवस एकसारखा असायचा. पहाटे झऱ्यापाशी जाऊन ते पाण्याशी बोलत. झऱ्याला ते बाय म्हणायचे. "आज लय तापलीस गं बाय." किंवा, "आज काय सुस्ती हाय तुला, आं?" त्यावर त्या दिवशीच्या अंघोळी ठरत. जास्त तापली असेल तर ओहळाचं गार पाणी पाटानं खालच्या कुंडात सोडायचं. ते किती, हे कोपर बुडवून पाहायचे. हाताला विचारून उपयोग नाही म्हणायचे, हात सवयीनं खोटं बोलतो. दर अमावास्येला खालच्या कुंडाची गुडदी, तळाचं बूच, काढून पाणी सोडून द्यायचे आणि एकटेच आत उतरून तळ घासायचे. वाडीतला दुसरा कोणी त्या कुंडात पाय घालत नसे. तळाचा राखाडी गाळ ते बाजूला काढून ठेवत आणि ज्याचे चट्टे फार जाड त्याला लेप द्यायला वापरत. काम चालू असताना तोंडानं काही नाही. झालं की दगडावर टेकून, "दमलो रे बाबा."

त्यांच्या बायकोचं, सोनूकाकीचं तोंड मात्र दोघांचं मिळून चालायचं.

"दमलो म्हनं. पाण्यात बसून मासा कदी दमलाय?" ती पडवीतून ओरडायची. "आन तू रं खानदेश्या? तुज्या आंगावरनं येवडा कोंडा पडतो, आमची कोंबडी जाड झाली."

मला पहिल्यांदा फार लागलं. मग कळलं, लागू नये म्हणूनच ती बोलते. कुजबुजणाऱ्यांपेक्षा ते बरं होतं.

तिसऱ्या आठवड्यात चट्टे पातळ व्हायला लागले. लाली उतरली. माझ्या मनात घाई शिरली. घरून पत्र आलं होतं, पनवेलवरून फिरून. आईनं लिहवून घेतलं होतं की बहिणीचं जमतंय, तू येशील तेव्हा ठरवू. मी विचार केला, भात होईपर्यंत बसून इतका फरक, तर दुप्पट बसून दुप्पट. बाबा तर एक दाणा जास्त देत नव्हते. पण मी आचारी. कोणता तांदूळ किती वेळ घेतो हे मला त्यांच्याइतकंच कळत होतं. तळ्याच्या बाजाराला गेलो आणि जुना राता घेऊन आलो. दोन वर्षांचा, खडखडीत. तो भिजवलाही नाही. त्यांनी दिलेला पायलीत परत ओतला आणि हा बांधला. फडकं तेच, गाठ तीच.

चार दिवस तो खेळ चालला. बाबा वर बसून पुरचुंडी दाबायचे, पुन्हा सोडायचे, आभाळाकडे बघायचे. "बाय निवली का काय?" असं पुटपुटायचे. मी खाली गळ्यापर्यंत पाण्यात बसून मनात खूश. पाचव्या दिवशी कातडी सगळीकडून फुटली. हाताची बोटं मिटेनात, चिरांतून रक्त आणि पाणी, रात्री ताप भरला. सगळं जिथून सुरू झालं होतं त्याच्या मागे गेलं.

सकाळी बाबा पडवीत आले. आदल्या दिवशीचा भात त्यांच्या धोतराच्या सोग्यात बांधलेला होता. त्यांनी एक दाणा दाताखाली धरला.

"दोन पावसाळ्याचा हाय. माजा न्हाय ह्यो."

मी रडायला लागलो. म्हणालो, "बाबा, मला लवकर बरं व्हायचं होतं."

मला वाटलं, आता हाकलतील. ते खाली बसले. "दमलो रे बाबा," म्हणाले, आणि त्या वेळी ते खरंच दमलेले होते.

"आईक. त्यो जायचा न्हाय. डागतरानं काय सांगटलं तुला? तेच. त्यो पावना हाय, ऱ्हायाला आलाय. त्येला वसरीवर जागा दे, आतलं घर देऊ नको. येवडंच आपल्या हातात. भांडलास तर त्यो माजघरात शिरतो. बग, शिरला."

"मग तुम्ही पाण्यात कशाला बसवता?"

"वाईच हलकं वाटतं म्हणून. दुसरं काय?"

बारा दिवस त्यांनी मला पाण्याला शिवू दिलं नाही. नुसतं उंडीचं तेल आणि केळीचं पान. तेल लावायला माझी बोटं चालत नव्हती. सकाळ-संध्याकाळ तेच लावायचे, खवल्यांवरून, चिरांवरून, आपल्या त्या पांढऱ्या सुरकुतल्या बोटांनी, चूल सारवावी तसे.

तिथे येणाऱ्यांत एक मुंबईचे कापडवाले शेट होते. गुजराती, बोटांत अंगठ्या, अंगठ्यांखाली तेच खवले. सोबत गडी. गड्यानं तांदूळ बांधायला घेतला तेव्हा बाबा म्हणाले, "ज्येच्या हाताला झालंय त्यानं बांदायचा."

शेट हसले. "अरे काका, पण किती दिवसात एकदम साफ होनार ते पहिला सांग ने."

"साप न्हाय हुयाचं."

"तर मंग बोर्डवर खोटा लिवला काय?"

बाबा अक्षरशत्रू. वाडीच्या पाटलांनी महिन्यापूर्वी तळ्याच्या रस्त्यावर पाटी लावली होती. बाबा रोज तिच्याखालून जात, पण तिच्यावर काय आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी मला घेऊन गेले. मी अडखळत वाचलं, "येथील पाण्याने कातडीचे सर्व रोग बरे होतात."

"त्यो 'बरे' कुटं हाय?"

मी बोट ठेवलं. त्यांनी करवंटीतून चुना आणला होता. "त्याच्यावर फास."

"बाबा, पाटील काय म्हणतील?"

"पाटील कुंडात बसतो काय? फास. आन तिथं 'हलके' लिव."

माझं अक्षर तिसरीतलं. 'हलके' इतकं मोठं झालं की शेवटची मात्रा पाटीच्या कडेवर गेली. पाटलांनी आठ दिवस बाबांशी बोलणं टाकलं. बाबांना ते कळायलाच चार दिवस गेले.

शेटनी मात्र स्वतःच्या हातानं तांदूळ बांधला. आणि बाबांनी तळवा पुढे करून "वाडा शेट" म्हटलं तेव्हा त्यांनी भात वाढला, आणि लगेच धोतर सावरायच्या निमित्तानं पाठ वळवली. गडी आमच्याकडे बघत होता, आम्ही डोंगराकडे.

वर्ष होत आलं. माझे हात बरेचसे निवळले होते. लाली नाही, चिरा नाहीत. पेरांवर पांढरट चट्टे तेवढे दिसायचे. पण पनवेलहून निरोप होता की दुसरा आचारी ठेवला. मी दोन ठिकाणी विचारून आलो होतो. एकानं हात बघायला मागितले. दुसऱ्यानं मागितले नाहीत, पण मीच बाही मागे घेताना थांबलो आणि त्याला कळलं. रात्रंदिवस एकच डोक्यात: मला येतं ते एकच काम, आणि माझ्या हातचं कोणी खाणार नसेल तर मी आईला काय सांगू?

चैत्रात वाडीत मारुतीचा उत्सव असतो. भंडारा असतो, आसपासच्या गावांतली माणसं जेवायला येतात. त्या वर्षी माणगावहून यायचा आचारी आलाच नाही. ऊन वर चढलं, वाल भिजलेले, चुली थंड. देवळासमोर पाटील आणि चारपाच जण डोक्याला हात लावून उभे होते. बाबा अंघोळ करून तिथून चालले होते. थांबले.

"आचारी हाय की आपल्याकडं."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी धर्मशाळेच्या दारात होतो. आत जावं की बाहेर यावं कळेना.

पाटील हळूच म्हणाले, "धाकजी, अरे त्येचे हात..."

"हात चांगले हायत. शिजवतो त्यांनी."

"वाडी जेवंल का?"

सोनूकाकी मागून म्हणाली, "पाटील, न्हायतर तुमी शिजवा. तुमच्या हाताला काय न्हाय झालेलं. कामसुदा झालेलं न्हाय."

हसणं झालं आणि हसण्यात होकार झाला. पण तो शिजवण्यापुरता. मी भात लावला, वालाचं बिरडं केलं, गुळाची लापशी केली. वर्षानं मोठ्या पातेल्यापुढे उभा होतो. तिखट आमच्याकडचं पडलं.

पंगत बसली. पानं मांडली, वाढून झालं, आणि कोणी हात लावेना. एक जण पान सोडून उठला. मग आणखी दोघं. मी पळीसकट उभा. पुढे काय झालं असतं त्याचा मला आजही विचार करवत नाही.

बाबा वाढप्यांत होते. कधी बसायचे नाहीत ते पंगतीत, एका उठलेल्याच्या जागी जाऊन बसले.

"पाटील, रीत हाय," ते जरा मोठ्यानं म्हणाले. "कुंडावरच्या माणसानं शिजवलं ते पाणक्यानं आदी खायाचं. मी इसारलो, म्हणून लोक थांबलं. चूक माजी."

त्यांनी कालवलं आणि जेवायला लागले. सगळी पंगत त्यांच्या तोंडाकडे बघत होती. अर्धं पान संपवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आचारी, भात वाड. आन बिरडं."

मी माझ्याच हातानं वाढलं, बाह्या वर करून. मग सोनूकाकीनं बायकांच्या पंगतीत घास घेतला आणि ठसकली. "मेल्या, हाताला न्हाय, तुज्या जिबंला रोग झालाय! केवडं तिकट!" तेवढ्यानं माणसं सैल झाली. सगळे जेवले असं नाही. पंधरा-वीस जण गूळ-खोबरं घेऊन घरी गेले, त्यांतले काही पुढे कायम मला टाळून चालत. पण पंगती चार उठल्या. चौथ्या पंगतीत बोर्ली पंचतनचे खानावळवाले दत्तूशेट होते, पाठीच्या दुखण्यासाठी उन्हाळ्यावर आलेले. त्यांनी तीनदा बिरडं मागितलं आणि पान उचलता उचलता विचारलं, "कुठे असता?"

मी म्हणालो, "शेट, आधी हात बघून घ्या."

"बघितले की. त्यांनीच तर वाढलंत."

पावसाच्या आधी मी बोर्लीला लागलो. अजून तिथेच आहे. बहिणीचं लग्न झालं. आईला हातांचं सांगितलं, फार उशिरा.

पाहुणा गेला नाही. दर थंडीत तो ओसरीवरून आत डोकावतो, आणि दर थंडीत मी पंधरा दिवस रजा काढून उन्हाळ्यावर जात होतो. जाताना बारीक तांदूळ, सुकं खोबरं, काकीला लुगडं. बाबा दर वर्षी थोडे अधिक वाकलेले. "काय आचारी," एवढंच. मग हातातली काडी टोचून बघायचे. गरज नव्हती, सवय.

दोन वर्षांमागे गेलो तेव्हा कुंडावर बाबा नव्हते. पुतण्या होता, तो दुसऱ्या कामातून वेळ मिळेल तसा बघायचा. खालच्या कुंडाच्या भिंतीला शेवाळ चढलं होतं. मी घरी गेलो. सोनूकाकी पडवीत तांदूळ पाखडत होती. आवाज उतरला होता तिचा.

"आतमदी हायत. डोळ्यांनी दिसत न्हाय. जेवत न्हाईत. दोन घास खातात, पुरं म्हनतात."

"मी कुंडावरून भात करून आणू? त्यांना आवडतो."

काकीनं सूप खाली ठेवलं.

"कोणी सांगटलं तुला?"

"रोज तर खायचे. रीतच आहे ना."

"कसली रीत?" ती म्हणाली. "माजा सासरा पाणक्या होता, त्यो भात कावळ्याला टाकायचा. काशीदची एक कोळीण आल्ती, आंगभर खवलं. तिनं बांदलेला भात सासऱ्यानं तिच्याम्होरं उदळला. ती बगत बसली. दुसऱ्या दिशी आलीच न्हाय, कुटं गेली कोणाला ठावं न्हाय. तवापासून ह्येनी ही रीत काडली. त्या गंदकाच्या भातानं ह्येच्या पोटात ढवळायचं. रोज घरी येऊन आदी चूळ भरायचं, मंग कोकमाचं सार प्यायाचं, मंग बोलायचं. चाळीस वर्सं." तिनं सूप उचललं. "आचारी म्हनवतोस. तुला कळलं न्हाय?"

मला कळलं नव्हतं. माझं कामच ते, जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ओळखायचं. त्या वर्षभरात रोज त्यांना वाढताना मी माझ्या हातांकडे बघत होतो.

तरी मी कुंडावर गेलो. त्या थंडीत हात वाईट होते. तांदूळ बांधला, सोडला, खाली जाऊन बसलो. "निघा" म्हणायला वर कोणी नव्हतं. अंदाजानं निघालो. तेल लावलं. मग पुरचुंडी सोडली, आणि तो भात ओहळातल्या माशांना घातला. काकीच्या चुलीवर मऊ भात केला, साधा, वर तूप, चवीला मीठ. गंधक नाही, तिखट नाही. वाटीत घेऊन आत गेलो.

बाबा भिंतीला टेकून बसले होते. "कोण? आचारी?"

"हो बाबा."

त्यांनी हात पुढे केला, माझा हात चाचपला, पेरांवरून अंगठा फिरवला. काडी नव्हती, नखानं टोचलं. "लागतं?"

"लागतं."

"वसरीवरच हाय. बरं हाय." मग त्यांना माझ्या अंगाचा, ओल्या धोतराचा गंधकाचा वास आला असावा. भाताचाही वाटला असेल. त्यांचं तोंड जरासं वाकडं झालं, नाकाशी एक सुरकुती पडली. डोळ्यांनी दिसत नव्हतं, त्यामुळे मी बघतो आहे हे त्यांना कळलं नसावं. क्षणभरच. मग चेहरा पुन्हा नेहमीसारखा झाला आणि त्यांनी मान डोंगराच्या बाजूला वळवली. तिथे आता नुसती भिंत होती.

आणि तळवा पुढे केला. "वाड."